दुसऱ्या खोलीतलं उत्तर

आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पानावर बाईंचं सदर होतं. पहिली माणसं अंतराळात गेली तेव्हा त्यांचे मार्ग कागदावर मांडणाऱ्या गणिती स्त्रियांबद्दल त्या लिहीत आणि शेवटी मुलांसाठी एक गणित देत. निवृत्तीनंतर त्यांचं तेवढंच काम उरलं होतं. पान माझ्याकडे होतं. शाळेत मी त्यांचीच विद्यार्थिनी.

त्या स्त्रिया एकच गणित दोघी वेगवेगळं सोडवत. उत्तरं जुळली तरच पुढे देत. बाईंनीही तीच रीत ठेवली. गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांच्या घरासमोर राहणारी त्यांची मैत्रीण, तीही गणिताची शिक्षिका, बाहेरच्या खोलीत बसे, बाई स्वयंपाकघरात. सोडवून होईपर्यंत बोलायचं नाही.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत मैत्रीण वारली. लेख यायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात मी एसटीने बाईंकडे गेले. लेख टेबलावर तयार होता.

"बाई, मग पाठवला का नाही?"

"दुसरं उत्तर कोणाचं लावू?"

"कॉम्प्युटरवर तपासून घेते."

"बसव मंग त्याले बाहेरच्या खोलीत. चहा पाज." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "तूच बस. अन् बोलू नको."

गणित सोपं होतं. गोंदियावरून गेलेलं यान अठ्ठ्याऐंशी मिनिटांत एक फेरी पूर्ण करतं. तेवढ्यात पृथ्वी बावीस अंश फिरते. पुढच्या फेरीत आपल्याच अक्षांशावर ते कुठे असेल? माझं उत्तर पश्चिमेला, ओमानच्या किनाऱ्याजवळ आलं. बाईंचं पूर्वेला, लाओसमध्ये. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून यानही पूर्वेला सरकेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी माझा कागद दोनदा वाचला.

"चिन्हाचीच चूक आहे, बाई. मी दुरुस्त करून घेते."

"या चुकीसाठी दहावीत तुले बाकावर उभी केली होती मी."

"हो."

"माणूस समुद्रात उतरते एकीकडं अन् त्याले न्यायले आलेलं जहाज उभं दुसरीकडं." त्यांनी चष्मा काढला. "या वर्षी चारदा चुकली मी. चारही वेळा तिनं धरलं. कोणाले सांगितलं नाही."

"मी येत जाईन दर आठवड्याला."

"गोंदियाहून? एका गणितासाठी? कायले?" लेख त्यांनी घडी करून स्वतःकडेच ठेवला. "बंद कर सदर."

पुढच्या रविवारी त्या जागेवर शब्दकोडं लागलं. सदराचं काय झालं, हे विचारायला एकाही वाचकाचा फोन आला नाही. बाईंना मी ते कळवलं नाही.