पत्ता न लिहिलेला जबाब

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. पण त्या बाईचं प्रकरण अजूनही सगळ्या माणसांसकट डोळ्यांसमोर उभं राहतं. नाव मी कुणाचंच लिहिणार नाही. टेंभुर्णीच्या बाजूचं एक गाव, एवढं सांगितलं तरी पुरे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका ग्रामीण ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदाराने एका माणसाला आत आणलं. पंचेचाळिशीचा, चांगली शेती असलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सोबत दोन भाऊबंद. बायको घरातून निघून गेल्याची खबर द्यायला तो आला होता.

"कधीपासून नाही?" मी विचारलं.

"परवा सकाळपसून."

"मग आज का आलात?"

"आमच्या आमच्यात बघून राह्यल्तो साहेब. पाहुण्यारावळ्यांना फोन लावले. इज्जतीचा सवाल हाय."

बाईचं वय चाळीस. एकच मुलगी, तिचं लग्न होऊन वर्ष झालेलं. अंगावरचे दागिने कपाटात काढून ठेवलेले, मोबाईल देवळीत चार्जिंगला लावलेला. भांडण झालं होतं का, असं विचारलं तर तो म्हणाला, "तसं काही न्हाई." हे बोलताना त्याची नजर टेबलावरच्या काचेवर होती. उशिरा खबर देणारा माणूस एकतर लाजलेला असतो, नाहीतर काहीतरी दडवत असतो. अडचण अशी की दोघांचे चेहरे सारखेच दिसतात.

मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली, फोटो सगळीकडे पाठवला, विहिरी बघून घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाईचा भाऊ घनसावंगीहून जीप भरून माणसं घेऊन आला. ठाण्याच्या आवारातच त्याने सांगितलं, "माझी बहीण गेलेली न्हाई साहेब, तिला घालवली. तुम्ही त्याला अटक करा, न्हाईतर आम्ही आमचं बघतो." मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि त्याचाही जबाब घेतला. पण पुराव्याशिवाय अटक होणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्याला ते पटलं नाही. नवऱ्याच्या घरासमोर मला दोन अंमलदार बसवावे लागले.

मोबाईलचे कॉल तपासले. माहेर, मुलगी, दूधवाला, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. तिने नाव सांगितलं नाही. "त्याच्या परसात लिंबाखाली खड्डा बुजवलाय. ताजी माती हाय. तिथं बघा," एवढं बोलून फोन ठेवला.

प्रेत असण्याची शक्यता असेल तर पोलिसाला आपल्या मनाने उकरता येत नाही. मी तहसील कार्यालयाला पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नायब तहसीलदार, दोन पंच, फोटोग्राफर आणि फावडी घेऊन आम्ही त्या परसात उभे राहिलो. भिंतीपलीकडे अख्खं गाव जमलं होतं. बाईचा भाऊ खाली बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. नवरा मात्र सारखा म्हणत होता, "साहेब, तिथं काही न्हाई. तिथं नका उकरू." त्या शब्दांनी माझी खात्रीच झाली.

दोन हात खोल गेल्यावर राख लागली. मग काळी पडलेली पत्र्याची पेटी. पेटीत शाळेतल्या मुलांच्या असतात तशा वह्या, अर्ध्या जळालेल्या. खाली घट्ट मुरूम होता. अजून हातभर उकरून बघितलं. काहीच नव्हतं.

पंचनामा झाला, वह्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या आणि नवऱ्याला ठाण्यात आणलं. माझ्यावर वरून फोन सुरू झाले होते. एक स्थानिक पुढारी म्हणत होता सोडा, दुसरा म्हणत होता अडकवा. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "तपास चालू आहे."

चौकशीत तो तासभर गप्पच बसला. आवाज चढवून उपयोग नव्हता, कारण तो घाबरलेला नव्हता, शरमलेला होता. मी एक वही उघडली आणि जे पान समोर आलं ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती एक गोष्ट होती. गोष्टीतली बाई न्हाणीघरात जाते, बादली भरते आणि अंघोळ झाल्यावरही तिथेच बसून राहते, कारण घरात आतून कडी लावता येते अशी तेवढी एकच जागा आहे. बाहेरून नवरा विचारतो, "आत काय करून राह्यली?"

"वाचू नका साहेब," तो म्हणाला.

"का?"

"ते माझंच बोलणं हाय. रोजचं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "गोधड्यांच्या खाली सापडल्या मला. बसून समद्या वाचल्या. मी कधी हात न्हाई लावला साहेब तिला, कुणालाबी विचारा. खायला-ल्यायला कमी न्हाई. आन ती लिहिते, ह्या घरात मला बसायला जागा न्हाई. आठ खोल्या हायत माझ्या घराला."

"मग काय केलंत?"

"जाळल्या. तिच्यासमोर जाळल्या. मंग पेटी परसात पुरली. सकाळी उठून बघतो तर ती न्हाई."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"मंग तुम्ही वह्या मागितल्या असत्या. लोकांनी वाचल्या असत्या."

खुनाच्या संशयात सापडलेला माणूस चार वह्या वाचल्या जाऊ नयेत म्हणून गप्प बसला होता. इतक्या वर्षांत मी आरोपींना पैसा, हत्यार, माणसं लपवताना बघितलं होतं. हे नवीन होतं. पण तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळलं. म्हणजे बाई जिवंत असण्याची शक्यता वाढली होती आणि ती शोधायची होती, लवकर. तिच्या भावाची माणसं अजून गावाबाहेरच्या हॉटेलवर बसून होती.

वह्या मी आणि आमच्या ठाण्यातली एक महिला कॉन्स्टेबल, आम्ही दोघांनी दोन दिवस वाचल्या. सात-आठ गोष्टी पूर्ण वाचता येत होत्या. प्रत्येक गोष्टीत बाई वेगळी, पण प्रत्येकीची एक लपायची जागा. एक धान्याच्या कणग्यांमागे बसते. एक माळ्यावर जुन्या भांड्यांच्या गर्दीत जाऊन पाय पसरते. एक एसटीत शेवटच्या बाकावर खिडकीशी बसते आणि आपलं गाव येऊनही उतरत नाही. मला साहित्यातलं फार कळत नाही. पण ही बाई बघून लिहिते, हे कळत होतं. कणगीमागच्या उंदराच्या बिळापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या घरात जाऊन मी ते ताडून बघितलं. बीळ खरंच होतं.

एका गोष्टीपाशी कॉन्स्टेबल थांबली. "साहेब, ही खोली त्या घरातली न्हाई."

गोष्टीतली बाई एका मागच्या खोलीत बसून लिहिते. खिळ्यांना ब्लाऊजची कागदी मापं टांगलेली. चिंध्यांनी भरलेलं पोतं, त्यावर ती टेकून बसते. भिंतीपलीकडे शिवणयंत्रं चालतात आणि खिडकीतून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो. मध्येच कंडक्टर जालन्याच्या गाडीची हाक देतो.

"घुंगरं, मशीन आन गाडीची हाक, तिन्ही एका जागी ऐकू येतात," कॉन्स्टेबल म्हणाली. "आन बाकी समदं तिनं बघून लिहिलंय, तर हे कशाला मनानं लिहील?"

नवऱ्याला विचारलं, बाई एकटी कुठे जायची. तो म्हणाला, "कुठंच न्हाई. आठवडी बाजाराला भोकरदनला जायची, तेवढंच. दिवस मोडायचा तिचा तिथं. भाजी मात्र थोडीच आणायची."

आम्ही दोघं साध्या कपड्यांत भोकरदनला गेलो. स्टँडच्या आजूबाजूला तीन रसवंत्या होत्या. प्रत्येकीजवळ उभं राहून कान देत होतो. पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गल्लीच्या तोंडाशी कॉन्स्टेबलने माझ्या बाहीला हात लावला. घुंगरं ऐकू येत होती आणि वरच्या मजल्यावरून शिवणयंत्रांची घरघर.

वर शिवणक्लास होता. चालवणाऱ्या बाई साठीच्या, विधवा. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन इथे व्यापारात स्थिरावलेलं. मी ओळख सांगितली आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला.

"बिलकुल न्हाई. मी न्हाई ओळखत."

"मागच्या खोलीत बघू द्या."

"तुमच्याकडं कागद हाय का बघायचा?" त्या दारातून हलल्या नाहीत. "क्लासमध्ये पोरी हायत. मी कुणालाबी आत सोडत न्हाई, पोलीस असू द्या नाहीतर माझा मुलगा."

खरं सांगायचं तर त्या माझ्यापेक्षा ठाम होत्या. मी आवाज न चढवता बोललो, पण आत ऐकू जाईल असं. "काकू, मी कुणाला धरून न्यायला आलेलो नाही. तिकडे तिच्या नवऱ्यावर खुनाचा संशय आहे. तिचा भाऊ माणसं घेऊन बसलाय. आज-उद्या कुणाचं तरी डोकं फुटेल. तिची मुलगी इतके दिवस धड जेवलेली नाही. ती जिवंत आहे एवढं तिच्या तोंडून कळलं, की माझं काम झालं."

यंत्रं थांबली होती. मागचं दार उघडलं आणि बाई बाहेर आली. बोटांना शाई लागलेली होती.

"मी हरवलेली न्हाई साहेब," ती म्हणाली. "मी माझ्या पायानं आल्ते."

आम्ही त्या खोलीत बसलो. कॉन्स्टेबल तिच्याशेजारी, मी दाराजवळ. सहा वर्षं ती दर बाजारच्या दिवशी इथे येऊन दोन तास लिहीत होती. काकूंनी कधी विचारलं नव्हतं काय लिहितेस. मुलीचं लग्न होईपर्यंत तिने वाट बघितली होती. त्यानंतर वह्या जळाल्या.

"मारहाण होत असेल तर तक्रार घेतो," मी म्हणालो.

"न्हाई मारलं. मारलं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं." तिने बोटांची शाई पदराला पुसली. "त्यांच्यावर खुनाचं येईल, असं माझ्या मनात न्हाई आलं. ते चुकलं माझं. मी येते ठाण्यात. पण ही जागा त्यांना सांगू नका. भावालाबी नका सांगू. तो आजच नेऊन सोडील मला तिथं."

सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने राहत असेल तर तिला कुणाच्या हवाली करता येत नाही. कायदा साधा आहे. पण आमच्याकडे बाई सापडली की तिला माहेरच्या नाहीतर सासरच्या माणसांपुढे उभी करायची, समजूत घालायची आणि जीपमध्ये बसवून द्यायची, अशी वहिवाट होती. मीही ते केलेलं होतं, कितीतरी वेळा. कागदावर लिहिलं, "समजूत काढून नातेवाइकांच्या ताब्यात दिले," आणि प्रकरण बंद.

तिने सगळ्यात आधी कॉन्स्टेबलच्या फोनवरून मुलीशी बोलून घेतलं. मी तेवढा वेळ बाहेर थांबलो. मग ठाण्यात आणून तिचा जबाब घेतला. पत्त्याच्या रकान्याशी कारकून अडला. मी सांगितलं, "ठाण्याच्या माहितीत आहे, गोपनीय, असं लिहा आणि खाली माझी सही घ्या."

भाऊ आला. बहिणीला जिवंत बघून रडला आणि दोन मिनिटांत तिला घरी चल म्हणून ओढू लागला. मी मध्ये उभा राहिलो. "ती येणार नाही. तिने लिहून दिलंय. गावाबाहेर बसवलेली माणसं आता घेऊन जा, नाहीतर मला गुन्हा नोंदवावा लागेल." तो माणसं घेऊन निघून गेला. त्या दोन पुढाऱ्यांपैकी एकाचा फोन आला, पत्ता दिला तर समाजातले चार लोक बसून मिटवून घेतील म्हणून. मी नाही म्हणालो. बदलीची भाषा झाली. मी म्हणालो, बदली झाली तरी पत्ता माझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

नवरा सगळ्यात शेवटी आला. एकटाच.

"बरी हाय का?"

"बरी आहे."

"कुठं हाय?"

"ते मी सांगणार नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "उरलेल्या वह्या तिला देऊन टाका. माझी हरकत न्हाई, कुठं सही करायची ते सांगा." मी अर्ज लिहून दिला, त्याने सही केली. वह्या रीतसर तिच्या ताब्यात दिल्या. पुढे ते दोघं भेटले की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते हे, की माणूस शोधणं आणि माणूस परत देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पोलिसाचं आहे. दुसरं कुणाचंच नाही. दारं उघडायला लावणं ही आमची सवय झालेली असते आणि बहुतेक दारांमागे गुन्हाच असतो, त्यामुळे तिचा अभिमानही वाटतो. एखाद्या दारामागे फक्त एक माणूस पोत्याला टेकून बसलेलं असू शकतं, हे मी तोवर गृहीतच धरलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका सकाळी चहा घेताना मी बायकोला हे सगळं सांगितलं, नावं वगळून. मग विचारलं, "तुझी आहे का अशी कुठली जागा?"

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आहे," ती म्हणाली.

कुठे, असा प्रश्न तोंडापर्यंत आला होता. मी चहा पिऊन घेतला आणि ठाण्यात गेलो.