तेवांतेपेकचा वारा

यशोधरा अहिरेला बहुतेक माणसांबद्दल तुच्छता वाटायची आणि ती लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. चिखलोलीच्या तिच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही हवामानवाल्या ना? आज छत्री नेऊ का?" तर ती म्हणायची, "न्या. उघडता येत असेल तर वापरा." पुन्हा विचारायला कुणी येत नसे.

तिचं काम पावसाचं नव्हतंच. एकवीस वर्षं ती जहाजांना वारा सांगत होती. वडील भगवान अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, आई गयाबाईने उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापत उमर घालवली. पोरगी भौतिकशास्त्रात एमेस्सी झाली तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी तिला मनातल्या मनात बँकेत बसवून टाकलं होतं. ती बसली नाही. "वारा सांगायचा पगार देतात?" असं एका मामाने विचारलं, तर म्हणाली, "मामा, तुम्हाला तर न सांगताच मिळतो ना?" मामा सरकारी नोकरीत होते. पुढे दोन वर्षं ते बोलले नाहीत आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिची कंपनी अंबरनाथ पूर्वेला एका बँक्वेट हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. खाली हळदीचा डीजे दणदणायचा आणि वर सहा माणसं पॅसिफिकमधली वादळं मोजायची. समुद्र तिथून पन्नास किलोमीटर लांब. कंपनीचे प्रमुख हिंदुराव यांच्या कार्डावर "कॅप्टन" छापलेलं. अकरा वर्षं ते बोटीवर होते हे खरं, पण दुय्यम अधिकारी म्हणून. कप्तानाच्या खुर्चीवर ते एकदाच बसले होते, फोटोसाठी. तो फोटो केबिनमध्ये टांगलेला असे. यशोधरा त्या फोटोकडे पाठ करूनच बसायची.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पनामाहून एक जहाज मेक्सिकोच्या मान्सानियो बंदराकडे निघालं होतं, डेकवर पवनचक्कीची लांबच लांब पाती बांधून. वाटेत तेवांतेपेकचं आखात. सकाळी साडेदहाला नकाशा उघडला आणि यशोधराने चहाचा कप बाजूला सारला. उत्तर अमेरिकेतून थंड, जड हवेचा लोंढा दक्षिणेकडे उतरत होता. त्याच्या पुढची कड, जिला कोल्ड फ्रंट म्हणतात, ती टेक्सास ओलांडून गेली होती. मेक्सिकोचे डोंगर त्या लोंढ्याला अडवतात. फक्त एका जागी डोंगरांत खिंड आहे. तिथून ती हवा दाबली जाऊन पलीकडे पॅसिफिकवर कोसळते. वर निळंभोर आभाळ, ढगाचा ठिपका नाही आणि खाली समुद्र उकळतोय.

तिने अंदाज लिहिला: वारा पंचेचाळीस नॉट, म्हणजे ताशी त्र्याऐंशी किलोमीटर, लाटा पाच मीटर. सल्ला: आखाताच्या मधून जाऊ नये. किनाऱ्याला चिकटून जावं. वारा जमिनीवरून येतो, किनाऱ्यालगत लाटेला वाढायला जागाच मिळत नाही.

हिंदुरावांनी कागद वाचला आणि हसले. "मॅडम, पंधरा डिग्री उत्तर आहे ते. ट्रॉपिक्स. तिथे सायक्लोन येतात, ते पण पावसाळ्यात. डिसेंबरात कसला कोल्ड फ्रंट? कॉम्प्युटरचं मॉडेल तीस नॉट दाखवतंय."

"त्या मॉडेलमध्ये ती खिंड आहे का, ते बघा आधी. पंचवीस-पंचवीस किलोमीटरचे चौकोन आहेत त्याचे. डोंगर पाटा-वरवंट्यानं वाटल्यासारखे सपाट केलेत."

"किनाऱ्यानं गेलं तर आठ-नऊ तास वाढतील. क्लायंट काय म्हणेल?"

"पाती समुद्रात गेल्यावर जे म्हणेल त्यापेक्षा कमीच म्हणेल."

हिंदुराव कागद घेऊन केबिनमध्ये गेले. शेजारच्या टेबलावरची जिज्ञासा कुजबुजली, "मॅडम, छोड दो ना. मॉडेल जे देतं तेच मी टाकते. चुकलं तर मॉडेल चुकलं, अपना क्या?"

"मग कंपनीला तू कशाला हवीस?" यशोधरा म्हणाली. जिज्ञासाने तोंड फिरवलं.

दुपारी चारला यशोधराने कंपनीतून गेलेल्या मेलांची यादी सहज पाहिली. जहाजाला अंदाज गेला होता. वारा पंचवीस ते तीस नॉट, सरळ मार्गाने जाण्यास हरकत नाही. खाली सही: वाय. अहिरे, वरिष्ठ पूर्वानुमानकार.

ती केबिनमध्ये शिरली. "माझं नाव कुणी टाकलं?"

"सिस्टिम आपोआप टाकते," हिंदुराव फोनवरून नजर न उचलता म्हणाले.

"आकडे पण सिस्टिमनं बदलले का?"

"मॅडम, जरा शांत व्हा. घरी जा. उद्या बोलू."

ती घरी गेली नाही. टेबलाशी बसली आणि थेट जहाजाच्या कप्तानाला लिहिलं. असं परस्पर लिहायला कंपनीत सक्त मनाई होती. म्हणून तिने हिंदुरावांनाही प्रत जोडली. चोरून काही करायची तिला किळस यायची. "माझ्या नावाने आलेला अंदाज माझा नाही. माझा खाली देते आहे."

कप्तान फिलिपिनो होता, डिझोन त्याचं नाव. तासाभरात उत्तर आलं: "एकाच कंपनीचे दोन अंदाज. मी कुणावर विश्वास ठेवू?"

यशोधराला तो माणूस तत्काळ आवडला. तिने लिहिलं, "कुणावरच नको. ग्वाटेमाला मागे पडून आखात लागेपर्यंत किनारा सोडू नका. मग उत्तरेकडून कोरडा वारा लागला, हवा एकदम गार झाली आणि आभाळ स्वच्छ असलं, तर त्या निळ्या आभाळाला भुलू नका. तसेच किनाऱ्याला धरून राहा."

हे सगळं तिने घरी आईला सांगितलं. गयाबाई भाकरी थापत होत्या. "म्हंजे आपल्या ए आणि बी विंगच्या मधून येतो तसा वारा?" त्यांनी विचारलं. "परवा माझी चादर पार रस्त्यावर नेली. बाकी सगळीकडं पान हलत नव्हतं."

"तस्साच, आई."

"मग त्या तुझ्या सायबाला एवढं कळंना?"

"तो कॅप्टन आहे गं," यशोधरा म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिने हिंदुरावांची अकरा वर्षं धुऊन वाळत घातली.

जहाज किनाऱ्याला धरून गेलं. नऊ तास उशिरा, पण एकही दोर न तुटता पोचलं. आणि इथेच तिच्या धंद्याचं दुर्दैव. ऐकलेला इशारा कधीच खरा ठरत नाही, कारण काही घडतच नाही. क्लायंटने उशिराची तक्रार केली. हिंदुरावांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बघा. कुठे काय झालं?"

तिने डिझोनने पाठवलेली वाऱ्याची नोंद टेबलावर ठेवली. अगदी किनाऱ्यालगतसुद्धा अठ्ठेचाळीस नॉट.

हिंदुरावांनी कागदाकडे पाहिलं. "मशीन खराब असेल."

यशोधराला राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. परस्पर मेल लिहिल्याबद्दल हिंदुरावांनी पुढे केलेली शिस्तभंगाची नोटीस तिने तिथेच वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुकांभोवती लाल गोल केले, मागच्या बाजूला राजीनामा लिहिला आणि परत दिली. जिज्ञासा दारापर्यंत आली. "मॅडम, सॉरी," म्हणाली. यशोधरा थांबली. "सॉरी नको. खिंड कुठे आहे ते नकाशात शोधून ठेव," म्हणाली आणि जिना उतरली. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याचे फुगे फुगवत होते.

पहिले दोन महिने कठीण गेले. एकवीस वर्षांनी सकाळी साडेदहाला समोर नकाशा नाही, हे तिला आजारपणासारखं वाटायचं. ती उगाच घरातली भांडी घासायची, आणि गयाबाई उगाच ती परत घासायच्या.

मार्चमध्ये कंपनीची नवी पुस्तिका आली. जिज्ञासाने फोटो काढून पाठवला. मधल्या पानावर हिंदुराव, खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली मजकूर: तेवांतेपेकच्या भीषण वादळातून अनुभवी कॅप्टनने दूरदृष्टीने जहाज किनाऱ्याने सुखरूप काढले. यशोधराने तो दोनदा वाचला आणि इतकी हसली की गयाबाई घाबरून बाहेर आल्या.

"काय गं?"

"आई, त्यांना कोल्ड फ्रंट पटला. शाल मिळाल्यावर."

"तू काय करणार आता? भांडणार?"

"त्याच्याशी? त्यासाठी मला खाली वाकावं लागेल."

त्याच आठवड्यात डिझोनचा फोन आला. त्याच्या जहाज कंपनीच्या आणखी दोन कप्तानांना तिचे अंदाज हवे होते, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय. "एक अट आहे," यशोधरा म्हणाली. "मी सांगेन ते तुम्हाला आवडेलच असं नाही."

"मॅडम," डिझोन म्हणाला, "आवडणारं सांगणारे खूप आहेत. ते सगळे जमिनीवर आहेत."

तिने बेडरूममधली गयाबाईंची शिलाई मशीन सरकवून तिथे टेबल लावलं. गयाबाईंनी कुरकुर केली, मग स्वतःच टेबल पुसून दिलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला यशोधराने नकाशा उघडला. कॅनडावरून थंड हवा खाली निघाली होती, मोसमातली कदाचित शेवटची. तिने पेन्सिल हातात घेतली.