एसटीनं आलेलं रक्त

मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, तो मोटर न्यूरॉनचा आजार. आधी बोटं जातात, मग हात, मग जीभ. निदानालाच महिनोन् महिने लागतात. म्हणून रक्तातलं एखादं प्रथिन आधीच चुगली करतं का, हे शोधायचं आमचं काम होतं. आमचं म्हणजे, नांदेडच्या प्रयोगशाळेत बसून सर शोधणार आणि मी रक्त आणणार.

रोगी बहुतेक लातूरकडचे. दर मंगळवारी लातूरला जाऊन मी रक्त काढायचो आणि बर्फाच्या डब्यातून एसटीनं नांदेडला आणायचो. तुलनेला निरोगी माणसं हवीत, ती आमच्याच इमारतीतली. कारकून, शिपाई, वॉचमन. त्यांचं रक्त काढलं की पाच मिनिटांत पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात. तसलं एक यंत्र लातूरलाही घ्या म्हणालो, तर सर म्हणाले, "कशाला? बर्फ आहे की."

बर्फ होता. पण त्या दुष्काळात लातूरला पिण्याचं पाणीसुद्धा रेल्वेनं येत होतं, आणि मी मांडीवर बर्फाचा डबा घेऊन तापलेल्या बसमध्ये बसायचो. बसमध्ये एकच विषय, नवा जिल्हा. "उदगीरचं पक्कं हाय, बोर्डबी रंगवून ठिवलाय म्हणं." अशात अहमदपूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली.

"बाबा, डब्यात काय हाय?"

"रक्त, मावशी. तपासायला नेतोय."

"अन् वर?"

"बर्फ."

"मग रक्ताला लागलीय व्हय तहान?"

झाकण उघडलं. दिला एक तुकडा. (बर्फ वेगळ्या पिशवीत असायचा, कुणी नाक मुरडू नये.) पुढच्या मंगळवारपासून कंडक्टर मला बघितलं की ओरडायचा, "बर्फवाले सायेब आले, सरका!" लोह्यापर्यंत अर्धा डबा रिकामा व्हायचा. मला वाटायचं, विज्ञान आणि धर्म दोन्ही एकाच तिकिटात होऊन राहिलेत.

आणि प्रथिन सापडलं! रोग्यांच्या रक्तात भरपूर, निरोग्यांच्या रक्तात जवळजवळ नाही. सर मला पहिल्यांदाच 'अहो' म्हणाले.

त्याच दिवसांत उमरीचे एक निवृत्त गुरुजी नांदेडला आले. उजव्या हाताची बोटं ऐकत नव्हती. डॉक्टरांनी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची तारीख घेऊन दिली होती. अभ्यासासाठी म्हणून मी त्यांचं रक्त तिथंच काढलं, लगेच तपासलं. प्रथिन नाही. असले निकाल रोग्याला सांगायचे नसतात, हे मला पाठ होतं. पण गुरुजींनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि माझी जीभ सुटली. "गुरुजी, तुम्हाला ते नाही. निवांत घरी जा." त्यांनी गावात पेढे वाटले. मलाही पाठवले. मी खाल्ले.

चारेक महिन्यांनी लातूरला एक नळी उरली, म्हणून गंमत म्हणून स्वतःचंच रक्त काढलं आणि इतरांबरोबर बसनं आणलं. प्रथिन भरपूर! दोन दिवस मी आरशापुढं जीभ बाहेर काढून ती थरथरते का ते बघत होतो. बायको म्हणाली, "जीभ आत घ्या, तिनं आधीच लई घोटाळे केलेत." तिसऱ्या दिवशी नांदेडला परत रक्त काढलं. प्रथिन गायब. मग डोक्यात उजेड पडला. उष्णतेनं रक्तातल्या पेशी फुटत होत्या आणि आतलं प्रथिन बाहेर सांडत होतं. आमचं प्रथिन आजार ओळखतच नव्हतं. ते एसटी ओळखत होतं.

सरांना सांगितलं. म्हणाले, "बरं केलंत, सांभाळून घेऊ." सांभाळलं ते असं: अहवालात चूक त्यांनी शोधली आणि ती 'नमुने आणणाऱ्याच्या बेजबाबदारपणामुळे' झाली. माझं नाव कापलेलं, मी मागितलेल्या यंत्राचा उल्लेख नाही. बर्फाचा मात्र होता. ती गंमत चहा पिताना मीच त्यांना सांगितली होती.

उमरीला गेलो. गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते, सदऱ्याच्या गुंड्या उघड्या. खरं बोलायला आलो होतो, पण आधी स्वतःचंच गाऱ्हाणं लावलं. सरांनी कसा दगा दिला, नाव कसं कापलं. गुरुजींनी सगळं ऐकलं. ढ पोराचं ऐकावं तसं. मग मी बसचं सांगितलं, प्रथिनाचं सांगितलं.

"म्हणजे मला ते न्हाई, हे खोटं?"

"खोटं म्हणजे... तपासणीत काही अर्थच नव्हता, गुरुजी. आजार असेलही."

त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं. त्यांची जीभ आता जड झाली होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता. "माझ्या बोटांनी मला तुमच्या आधी सांगितलं होतं. मी बोटांचं ऐकलं न्हाई. तुमचं ऐकलं."

शेजारी बसलेली त्यांची बायको उठली. आतल्या पेटीतून हैदराबादची चिठ्ठी काढून आणली आणि माझ्या हातात दिली.

"वाचा," गुरुजी म्हणाले. "मोठ्यानं."

मी उभा राहून वाचली. नाव, गाव, वय. मग तारीख. तिथं थांबलो.

"पुढं?"

तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. तीही मी वाचली.