रीकन्स्ट्रक्शन शिकवलं ते वर्ष

लेस्टरमध्ये राहून मी इंग्लंडच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवते, हे माझ्या आईला कधी नीट पटलं नाही. नागपूरहून फोनवर ती विचारायची, "त्यांचा स्वतःचा इतिहास संपला का गं?" खरं म्हणजे त्यात माझी निवड नव्हतीच. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी आले, शिक्षकाचं ट्रेनिंग पुन्हा केलं, आणि ज्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, जागा मिळाली तिथले ट्यूडर राजे जुन्या शिक्षकांनी आधीच वाटून घेतले होते. उरला होता अमेरिकेचा पेपर. यादवी युद्ध संपल्यापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते.

हळूहळू त्या पेपरात माझा जीव गुंतला. मुलांना वाटायचं, गुलामगिरी संपली म्हणजे गोष्ट संपली. मग त्यांना मी दाखवायचे की सुटलेल्या माणसांनी मतं दिली, शाळा काढल्या, कायदेमंडळात जागा मिळवल्या. या काळाला रीकन्स्ट्रक्शन म्हणतात. मुलं खूश व्हायची. आणि पुढच्या काही आठवड्यांत मला ते सगळं त्यांच्यासमोर एकेक करून काढून घ्यावं लागायचं.

या वर्गात त्या वर्षी ताईंची मुलगी होती.

ताई म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या. पुण्याच्या, पण लेस्टरमध्ये वीसेक वर्षं काढलेल्या. मी नवी होते तेव्हा मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, राउंडअबाउटवर मी ब्रेक मारून रडायला लागले तर मागच्या गाड्यांना हात दाखवून शांतपणे म्हणाल्या, "थांबू देत त्यांना. तू आधी नाक पूस." अशा बाईला कोण जीव लावणार नाही? त्यांच्या मुलीची मी मावशी झाले. कॉलेजात ती मला मिस म्हणायची आणि दोन्ही हाका मारताना तिला हसू यायचं.

दिवाळीच्या आधी मंडळाचा फराळ ताईंच्या किचनमध्ये व्हायचा. मागे एक्स्टेंशन काढून मोठं केलेलं ते किचन, दोन कढया, आणि आठ-दहा बायका. चकली माझ्याकडे. भाजणी मी घरून भाजून न्यायची आणि सोऱ्या माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात ताई देत नसत.

माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे. त्यावरून काही कळत नाही. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पाहिलं आणि आपापलं ठरवून टाकलं होतं.

त्या ऑगस्टमध्ये आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. रिटायर्ड शाळामास्तरीण. दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून ती माझी पुस्तकं चाळायची आणि मी कॉलेजातून आले की प्रश्न विचारायची.

"ते मत द्यायला गेले, तर घटनेचं कलम वाचून अर्थ सांगा म्हणत होते?"

"हो. दक्षिणेतल्या पुष्कळ राज्यांत."

"मी तर सांगितला असता बाप्पा. अख्खी घटना शिकवली आहे मी."

"सांगितला तरी नापास करायचे, आई. तपासणारा माणूस त्यांचाच."

आईने पुस्तक मिटलं. "शिकलं की सुटतो असं मी पोरींना जन्मभर सांगत आले," ती म्हणाली. मी चहा टाकला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताईंनी आईला चहाला बोलावलं. आई नवी साडी नेसली, त्यांच्यासाठी आणलेला संत्र्याच्या बर्फीचा सीलबंद डबा तिने बॅगेत तळाशी जपून ठेवला होता तो काढला. गप्पा छान रंगल्या. मंडळातल्या आणखी दोघी आल्या होत्या. ताईंनी सहज विचारलं, आपल्याकडे विचारतात तसंच, "मूळ गाव कोणतं तुमचं? कुलदैवत कुठलं?"

"कुलदैवत नाही आमचं," आई म्हणाली. "आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली ना, त्या पहिल्या दसऱ्याला. मी तेव्हा त्यांच्या खांद्यावर होती. गर्दी तेवढी आठवते."

हे सांगताना तिचा चेहरा नेहमी उजळतो. तसाच उजळला. "हो का," ताई म्हणाल्या. "वा." दुसरी एक बाई म्हणाली, इथे आता अंधार किती लवकर पडायला लागलाय. ताईंनी सगळ्यांना पुन्हा चहा विचारला. निघताना दारात त्यांनी आईचा हात हातात घेतला, मला म्हणाल्या, नीट ने गं. काहीच झालं नव्हतं. गाडीत आई म्हणाली, "चांगल्या आहेत तुझ्या ताई."

बर्फीचा डबा टेबलावर तसाच राहिला होता, न उघडता. मी ते पाहिलं होतं. पण पोट भरलेलं असतं माणसाचं, असं मी मनाला सांगितलं.

फराळाच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. "अगं, या वेळी तू किचनमध्ये नको येऊस. कॉलेजचं किती असतं तुला. तू हॉलचं बघ. पेपर प्लेट्स, खुर्च्या, पार्किंग."

"आणि चकली?"

"करतील गं कोणीतरी. आई आल्यात ना, त्यांच्याबरोबर वेळ घालव."

आवाज इतका प्रेमळ होता की मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. भाजणीचं धान्य आदल्या दिवशीच धुऊन वाळत घातलं होतं. वर्गात मी दर वर्षी मुलांना समजावते की हक्क एका फटक्यात जात नाहीत, सोयीची कारणं देऊन एकेक काढले जातात. मला वाटायचं, हे मला नीट समजलेलं आहे.

त्याच आठवड्यात वर्गात 'पासिंग'चा विषय होता. ज्यांचा रंग गोऱ्यांमध्ये खपून जाईल इतका उजळ, असे काही जण दूरच्या शहरात जाऊन गोरे म्हणून राहत. नोकरी मिळायची, बरं घर मिळायचं. पण मग आईवडिलांना भेटायला जाता यायचं नाही. ताईंच्या मुलीने हात वर केला.

"मिस, पण हे खोटं बोलणं नाही का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, कोणी विचारलंच नाही तर खोटं कसं?" ती विचार करत म्हणाली. "पण रोज भीती वाटत असणार. कोणीतरी गावाहून येईल आणि ओळखेल."

मी मुलांना पुस्तकातला उतारा वाचायला सांगितला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. माझं आणि त्या माणसांचं एकच होतं असं मी म्हणणार नाही. त्यांचे जीव जायचे. माझी चकली गेली होती. पण भीती हा शब्द तिने उच्चारला तेव्हा कळलं की एवढी वर्षं मंडळात कुणी गावाचं नाव काढलं की माझे खांदे ताठ होत होते.

तास संपल्यावर ती मागे थांबली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, आई म्हणते मी तुझी ग्रुप बदलायची. दुसऱ्या सरकडे. का, ते सांगत नाही. मी काही केला का?"

"नाही गं. तू काहीच केलं नाहीस."

"मग तू काही केला?"

तिची नजर इतकी सरळ होती. मी म्हटलं, मी तुझ्या आईशी बोलते.

शनिवारी दुपारी मी गेले. ताईंनी दार उघडलं, "अगं, ये ये," म्हणाल्या, आणि मला पुढच्या खोलीत बसवलं. एरवी मी त्या घरात थेट किचनमध्ये जायचे.

"ताई, तिचा ग्रुप का बदलताय?"

"तुलाच ऑकवर्ड होईल म्हणून गं."

"मला कशाचं ऑकवर्ड?"

त्यांनी कुशन उचलून मांडीवर घेतलं. "तू आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"काय झालं असतं?"

"काही नाही. आम्हाला सवय झाली असती."

"चार दिवाळ्या माझ्या हातची चकली खाल्लीत तुम्ही. आणखी कसली सवय हवी होती?"

"हे बघ, मला स्वतःला काही नाही. मी मानत नाही यातलं काही. पण मंडळात एकदोघी बोलल्या. माझ्या सासूबाई यायच्यात पुण्याहून. सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. तुला हॉलचं काम दिलंच होतं की मी."

अगदी कळवळून बोलत होत्या. राउंडअबाउटवर बोलल्या तोच आवाज. मला राग यायला हवा होता, आणि आलं ते रडू, आणि या वेळी ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगी खाली आली होती. तिने किती ऐकलं कोण जाणे.

"आई, मी ग्रुप बदलणार नाही," ती म्हणाली. "पण मला सांग, मावशी काय आहे? म्हणजे, सवय कशाची? व्हॉट इज शी?"

ताई म्हणाल्या, "तू वर जा."

"इज इट कास्ट? आपल्या घरात?"

ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "हे मी नाही सांगायचं. तुझ्या आईला विचार." उठले आणि चपला घालून बाहेर पडले. ताई दारापर्यंत आल्या नाहीत.

घरी आई वाट पाहत होती. माझं तोंड पाहून ती समजली, आणि रात्रीच्या पोळ्या लाटताना म्हणाली, "मी बोलायला नको होती का?"

"असं नको म्हणूस."

"मुद्दाम नाही बोलली मी. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुझ्या मैत्रिणी तुटल्या माझ्यापायी."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की तिच्यापायी काही तुटलं नाही. तिला ते पटलं नाही. दिवाळीला आम्ही मंडळात गेलो नाही. चकल्या घरी केल्या, दोघींनीच, आणि त्या नेहमीपेक्षा चांगल्या झाल्या, तरी आईने एकच खाल्ली. व्हिसा संपायच्या पुष्कळ आधी, ख्रिसमसपूर्वीच, थंडी सोसत नाही म्हणून ती नागपूरला परत गेली. थंडीबद्दल तोपर्यंत तिने एकदाही तक्रार केली नव्हती.

मुलीने ग्रुप बदलला नाही. वर्षभर पहिल्या बाकावर बसली, रीकन्स्ट्रक्शन का फसलं यावर तिने लिहिलेला निबंध मी आजवर तपासलेल्या निबंधांत सगळ्यात रागावलेला होता. मार्कांसाठी थोडा राग कमी कर, असं मला तिला सांगावं लागलं. पुढे ती लीड्सला शिकायला गेली. घरी फार येत नाही, असं कुणाकडून तरी कळलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

ताई त्यानंतर दोन वर्षांनी भेटल्या, बेलग्रेव्ह रोडवर भाजीच्या दुकानात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, काठी घेऊन चालत होत्या. केस पिकले होते. मेथी किती महागली, माझ्या आईची तब्येत कशी आहे, सगळं बोलल्या. मग एकदम म्हणाल्या, "ती माझ्याशी नीट बोलत नाही गं. तुझ्याशी बोलते का?"

"कधीकधी फोन करते."

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पिशव्या उचलून गाडीपर्यंत नेल्या, डिकीत ठेवल्या. त्यांनी गाडी सुरू केली, काच खाली केली. मला वाटलं, आता काही म्हणतील. मीही काही म्हणू शकले असते. मागून बसवाल्याने हॉर्न दिला, आणि त्या निघून गेल्या.