वीस किलोंचा गठ्ठा

रद्दीच्या दुकानात काट्यावर बसणाऱ्या बाईला सगळे काटामावशी म्हणायचे. वय छप्पन्न, उंची जेमतेम, पण जीभ अशी धारदार, की भलेभले गिऱ्हाईक तिच्यापुढे नरमायचे. वजन वाढवायला लोक गठ्ठ्याच्या पोटात ओली वर्तमानपत्रं सरकवतात, हे तिला बावीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालेलं. ती गठ्ठ्यात बोट खुपसायची आणि म्हणायची, “घरी न्या, वाळवा, मग या. आम्ही कागद घेतो, पाणी नाही.”

घरी मात्र या बाईचं काही चालेना. नवरा रंगारी. उभं आयुष्य शिडीवर काढलं, कधी पाय घसरला नाही, आणि दीड वर्षापूर्वी खुर्चीत बसून चहा पिताना त्याची उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं इतकंच. वजन अडुसष्ट किलो. शेजारचा ड्रायव्हर सकाळ-संध्याकाळ यायचा, त्याला पलंगावरून अलगद उचलायचा आणि चाकाच्या खुर्चीत ठेवून कामावर जायचा. भला माणूस! पण आता त्याची बदली झाली. दोन महिन्यांनी तो निघणार होता.

एका सकाळी ड्रायव्हर नसताना मावशीने एकटीने जोर लावून पाहिला. दोघंही जमिनीवर आली. दूधवाला येईपर्यंत तासभर तशीच पडून होती. रंगारी म्हणाला, “छत रंगवायला झालंय गं,” आणि मावशीला हसू आणि रडू एकदमच आलं.

हे लेकीच्या कानावर गेलं आणि ती पहिल्या गाडीने आली.

“आई, आता पुरे. बाबांना त्या केंद्रात ठेवू. तिथे माणसं आहेत उचलायला.”

केंद्र दुसऱ्या गावात. भेटायचं तर फक्त रविवारी.

“बत्तीस वर्षांचा संसार, आणि आता रविवारी भेटायचं?” मावशी कडाडली. “मी पाहुणी आहे का त्यांची?”

लेक काही वाईट नव्हती, उगाच तिला नावं ठेवू नका. ती घाबरली होती. एक पडलेलंच आहे, दुसरंही पडलं तर मी काय करू, एवढीच तिची भीती. शेवटी दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंना मध्ये घातलं. ताई वयाने लहान, पण बोलायला सरळ.

“मावशी, ते सगळं वजन तुम्हाला उचलायचंच नाहीये. त्यांचा डावा पाय चांगला आहे, अर्धा भार तो घेईल. पण उरलेल्या अर्ध्यासाठी तुमचे पाय आणि पाठ तयार हवी. ड्रायव्हर जायच्या आत मी परीक्षा घेईन: वीस किलो जमिनीवरून सलग दहा वेळा उचलून दाखवा. तेव्हाच मी यांना तुमच्या हाती देईन. नाही जमलं, तर लेकीचं ऐकायचं.”

“त्यासाठी यंत्रं-बिंत्रं?”

“एक खुर्ची, एक भिंत आणि काहीतरी जड. घरात काय आहे जड?”

“हे काय, झोपलेत की,” मावशी म्हणाली.

जड वस्तूची तिला काय वाण! तिने दुकानातून जुनी मासिकं आणली, सुतळीने करकचून बांधली, बरोबर पाच किलोंचा गठ्ठा केला आणि कागद सुटू नयेत म्हणून गोणपाटात शिवून टाकला. रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठायचं. भिंतीला तळवे लावून अंग पुढे न्यायचं, मागे ढकलायचं. मग गठ्ठा: पाठ ताठ, गुडघे वाकवायचे, गठ्ठा पोटाशी धरायचा आणि पायांच्या जोरावर उठायचं. पहिल्या दिवशी तिला खुर्चीवरूनही सातदाच उठता आलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दोन पायऱ्या ती कठडा धरून, ताईंच्या नावाने बोटं मोडत उतरली.

रंगारी पलंगावरून मोजायचा आणि मुद्दाम चुकायचा.

“चार... चार... चार...”

“अहो, सहा झाले!”

“मला चारच दिसले. एक डोळा अधू आहे ना.”

“डोळा ठणठणीत आहे. जीभ अधू व्हायला हवी होती!”

पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. सहाव्या आठवड्यात तिने वीस किलोंचा गठ्ठा बांधला, काट्यावर तोलला आणि शिवला. घरी तेवढीच मोकळी जागा होती, म्हणून पलंगाखाली न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवला. पहिल्या दिवशी तिने तो पाच वेळा उचलला. मग सात. मग आठ! लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं, “आठ झाले. दोनच राहिले.”

आणि मग घोडं अडलं. सहा झाले. दुसऱ्या दिवशी चार. परीक्षेला चार दिवस उरले असताना तीन, आणि तिसऱ्याला गठ्ठा हातातून निसटून आदळला. मावशी तिथेच फरशीवर बसली. आपलं वय झालं, हाडं संपली, आता काही खरं नाही. पलंगावरच्या माणसानेही त्या दिवशी बरोबर तीनच मोजले, आणि ते तिला जास्त लागलं. तिने लेकीला फोन लावला. “त्या केंद्राचं विचारून ठेव,” एवढंच कसंबसं बोलली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिने गठ्ठा हातगाडीवर टाकून दुकानात परत नेला. नको ती पीडा डोळ्यांसमोर. मालकांनी गोणपाट उसवलं, तळाशी बोट घातलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“मावशी, घरी न्या, वाळवा, मग या.”

“काय?”

“चिंब आहे खालून. तुम्हीच बघा.”

गठ्ठा काट्यावर ठेवला. चोवीस किलो! न्हाणीच्या भिंतीची ओल रोज थोडी थोडी शोषून गठ्ठा आतल्या आत फुगला होता. वा गं शहाणे! दुसऱ्याचा ओला कागद लांबून ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या पलंगाखालचा तेवढा कळला नाही. मालक पोट धरधरून हसले. मावशी हसली नाही. तिने कोपऱ्यातून कोरडी रद्दी ओढली, बरोबर वीस किलो तोलली, बांधली आणि भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, उचलायला लागली. अकरा वेळा. मगच हसली, आणि मग हसू थांबेना.

शनिवारी लेक आली, ताई आल्या. मावशीने कोरडा गठ्ठा दहा वेळा उचलला. ताईंनी मान डोलावली आणि रंगाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधला.

“त्यांच्या गुडघ्याला तुमचा गुडघा लावा. पट्टा धरा. काका, डाव्या पायावर जोर द्या. मावशी, ओढायचं नाही, सोबत उठायचं. चला.”

लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मावशी उठली आणि तिच्याबरोबर तोही उठला. डगमगला, सावरला, आणि दीड वर्षानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहिला. बायकोपेक्षा तो वीतभर उंच होता; हे दोघंही जणू विसरूनच गेली होती.

“छान. आता हळूच वळवा, खुर्चीकडे,” ताई म्हणाल्या.

“थांब,” तो म्हणाला.

“का? चक्कर येतेय का?”

त्याने खाली तिच्या डोक्याकडे पाहिलं. पलंगावरून त्याला इतके दिवस फक्त तिची हनुवटी दिसायची.

“केस केवढे पांढरे झाले गं तुझे,” तो म्हणाला. “मला कळलंच नाही.”

“रंगारी घरात निजून राहिला, मग दुसरं काय होणार?” मावशी म्हणाली.

“आई, आता बसव त्यांना,” लेक रडत म्हणाली. “मी कळवते केंद्राला. नाही म्हणून कळवते.”

“बसवते गं, घाई काय आहे!” मावशी म्हणाली. तिच्या मांड्या थरथरत होत्या, पण पट्टा तिने घट्ट धरला होता आणि तिला अजून थोडा वेळ असंच उभं राहायचं होतं.