दुसरा माइक

माझी आई चोर आहे, असं भरसभेत म्हटलं गेलं, आणि ते मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

कार्ल्याला हायवेलगत, चिक्कीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमते. खाली बस थांबतात, वर आम्ही गातो. त्या रविवारी बाहेरून एक प्रवचनकार आले होते. ते इंग्रजीत बोलत होते. मी शेजारी दुसरा माइक धरून त्याचं मराठी करत होते. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुसऱ्याचं बोलणं असलं की जमतं.

ते म्हणाले, ‘‘या हॉलमध्ये एक घर आहे. देवाने त्या घरच्या मुलीला पहिला पगार दिला. त्या घराने देवाचा वाटा चोरला. त्या आईने उभं राहावं.’’

इंग्रजी कळणारे तिथे तिघंच. ते पाहुणे, आमचे पास्टर आणि मी. त्यांना हे कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. पास्टर माझ्याकडे बघून हसले. ‘‘भाषांतर कर, बेटा.’’

आई शेवटच्या रांगेत होती. तोंडावर पदर. माझी मुलगी काय छान बोलते, एवढंच तिला कळत होतं.

आई कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या बंगल्यांची साफसफाई करते. लोक शनिवार-रविवार ते भाड्याने घेतात. रविवारी काम सर्वांत जास्त, तरी ती आधी प्रार्थनेला येते आणि अर्धी मजुरी कापून घेते. दोन वर्षांपूर्वी ओल्या बाथरूममध्ये पडली. पुढचे चार दात गेले. भरपाई म्हणून बंगल्यातून तिला उरलेला केक मिळाला. तेव्हापासून ती पदराआडून गाते.

वडिवळ्याहून मामा तांदूळ पाठवतो. आई नऊ मापं घरच्या डब्यात ओतते, दहावं देवाच्या पिशवीत. लहानपणी मी विचारायचे, पुरेल का? ‘‘देवाचं आदी काढलं की पुरतंय,’’ ती म्हणायची. कधी पुरायचं. कधी ती म्हणायची, मला भूक न्हाई.

पास्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी शाळेने माझी थोडी फी माफ केली होती. बाकीची आईने भरली. पण हॉलमध्ये दर वेळी एकच वाक्य. हिची इंग्रजी ही मंडळीची देणगी आहे. मी मान खाली घालायचे.

रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरी लागली, तसे पास्टर घरी आले. हातात पांढरं पाकीट, त्यावर माझं नाव. ‘‘पहिला पगार पूर्ण देवाचा. प्रथमफळ. पुढच्या महिन्यापासून दशांश.’’ मी मान हलवली. मी सगळ्यांपुढे मान हलवते.

पगार झाला आणि मी आईला लोणावळ्यात दातांच्या डॉक्टरकडे नेलं. खुर्चीत बसूनही ती म्हणत होती, ‘‘लय म्हाग पडंल गं. आदी पाकीट भर.’’ पाकीट भरलंय, मी खोटं सांगितलं. पगार तिथेच संपला.

आणि आता मी माइक धरून गप्प उभी होते.

‘‘बोल ना,’’ पास्टर म्हणाले.

पुढच्या खुर्चीवरचे आबा म्हणाले, ‘‘आवं, पोरीचा माइक बंद पडला का?’’ चारपाच जण हसले.

माइक चालू होता. मी म्हणाले, ‘‘पाहुणे म्हणतात, एका आईने देवाचं चोरलंय, तिने उभं राहावं. ती माझी आई. पगार माझा होता. तिच्या दातांसाठी मी तो खर्च केला. तिने उभं राहायचं कारण नाही. मी उभीच आहे.’’

शेवटच्या रांगेत आई उठली. खुर्चीला धरून, पदर तोंडावर घट्ट दाबून.

‘‘चुकलं, पास्टरसायेब. आणून देते.’’

जिन्यात ती माझ्याकडे बघेना. खाली उतरल्यावर म्हणाली, ‘‘तू गप बसली असतीस तर कुनालाच कळलं नसतं.’’

खरं होतं. तिघांत राहिलं असतं. पण आमच्या गप्प बसण्यावरच तर यांचं सगळं चाललंय, हे मला तिथे, चिक्कीच्या दुकानासमोर कळलं.

पाकीट मी रिकामंच परत केलं. पास्टर म्हणाले, ‘‘इंग्रजी कुणामुळे आली, विसरू नकोस.’’

‘‘विसरले नाही,’’ मी म्हणाले. ‘‘बंगल्यांचे संडास घासले आईने, त्यामुळे आली.’’

पुढे दात तयार होऊन आले, काढता-घालता येणारे. आई ते कामावर लावते. रविवारी हॉलमध्ये जाताना काढून डबीत ठेवते. प्रत्येक वेळी मला ते बघावं लागतं.

मी आता माइक धरत नाही. शेवटच्या रांगेत आईशेजारी बसते. तिचं दहावं माप तिचं आहे, त्याला मी हात लावत नाही. माझ्या पगारातलं मात्र त्या हॉलमध्ये काही जाणार नाही. आणि पुन्हा कुणी तिला उभं राहायला सांगितलं, कुठल्याही भाषेत, तर तिच्या आधी मी उठेन. माइकशिवाय बोलेन. खाली बसथांब्यापर्यंत ऐकू जाईल, असं.