चप्पल कुठे काढता?

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. पायांची ओपीडी, वर्धा. हजर: मी, ड्रेसिंग बघणाऱ्या थूल सिस्टर, पेशंटसाठी खास पादत्राणं बनवणारे आमचे ऑर्थोटिस्ट नागोसे, पेशंट सुरेशभाऊ, वय छप्पन्न, अल्लीपूरला किराणा दुकान, त्यांच्या पत्नी शोभाताई. गैरहजर: सुरेशभाऊंचे वडील. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

सिस्टरनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. उजव्या तळपायावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीच जखम. तिसऱ्यांदा.

"दुखतं का?" मी विचारलं.

"बिलकुल नाई, मॅडम," सुरेशभाऊ म्हणाले. आनंदाने म्हणाले.

माझ्या धंद्यात मी सर्वात जास्त घाबरते ते या उत्तराला. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. खडा टोचला, चटका बसला, कातडी घासली गेली, तरी मेंदूपर्यंत बातमी पोचत नाही. आम्ही नायलॉनचा एक ताठ धागा तळपायाला टेकवून बघतो. डोळे मिटून पेशंटने सांगायचं, कुठे टेकला. सुरेशभाऊंना तळपायावर तो कुठेच कळत नव्हता. तुम्हाआम्हाला अशी जखम झाली तर आपण लंगडतो, आणि लंगडल्यामुळेच ती बरी होते. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर दिवसभर चालतो.

त्यात त्यांचा घोटा ताठ होता. पोटरीपासून टाचेला जाणारी जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, आखडलेली. अशा माणसाची टाच लवकर उचलली जाते आणि अंगाचा सगळा भार पायाच्या पुढच्या गादीवर येतो. जखम नेमकी तिथेच होती.

आधीच्या दोन्ही वेळा आम्ही प्लास्टर घातलं होतं. हे मोडलेल्या हाडाचं प्लास्टर नव्हे. हे पायाला तंतोतंत चिकटून बसतं, भार पूर्ण पायावर आणि पोटरीवर वाटून देतं. खाली रबरी टाच असते, माणूस त्यावर चालू शकतो. दर आठवड्याला कापायचं, जखम बघायची, नवं घालायचं. दोन्ही वेळा जखम छान भरली. मग नागोसेंनी खास सँडल दिली. आत मऊ फोम, बाहेरून तळ होडीच्या बुडासारखा, म्हणजे पाऊल वाकवावं लागत नाही, नुसतं पुढे कलतं. दोन्ही वेळा सँडल दिल्यावर थोड्याच दिवसांत जखम परत.

प्लास्टरमध्ये बरी होते, सँडलमध्ये उघडते. याचा अर्थ मी असा लावला होता की सँडल पुरत नाही. आता शस्त्रक्रिया. टाचेच्या दोरीला बारीक छेद देऊन ती थोडी लांबवायची आणि अंगठ्यामागच्या हाडाचं टोक जरा वर उचलायचं. गुरुवारच्या यादीत त्यांचं नाव लिहिलेलं होतं. घाई होती, कारण जखमेची खोली बघायला घातलेली बोथट सळई हाडापासून फार लांब थांबत नव्हती. हाडात पू शिरला की पुढची चर्चा अंगठ्याची होते, त्यापुढची पायाची. शोभाताईंना हे मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्या तेव्हापासून माझ्याशी बोलताना पदराचं टोक सोडत नव्हत्या.

नागोसेंनी सँडल उचलली, उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला.

"भाऊ, हे तर नवीच दिसते. घालत नाई का तुमी?"

सुरेशभाऊ भडकले. "घालत नाई म्हंजे? कायम घालतो! विचारा हिले."

"खरंच घालतात हो," शोभाताई म्हणाल्या. "बाहेर पडले का पयले सँडल. मार्केटले, बँकेत, लग्नाले. सोयरे हासतात, म्हन्तात जावईबापू कोनत्या कंपनीचे बूट आनले?"

"मंग झिजली काऊन नाई?" नागोसे.

"जपून चालतो मी."

सिस्टर हसल्या. मी हसले नाही, कारण नवराबायको दोघंही खरं बोलत होते हे दिसत होतं. मी वहीत विचारायचे प्रश्न लिहून ठेवते, ते नेहमीचे प्रश्न संपले होते. म्हटलं, "सुरेशभाऊ, मला कालचा दिवस सांगा. सकाळपासून. उठलात, मग?"

"उठलो. आंघोळ, पूजा. चहा. मंग दुकान उघडलं."

"दुकान कुठे?"

"घरातच हाय. म्होरं दुकान, मांगं घर."

"दुकानात दिवसभर बसून?"

"बसून कुठचं, मॅडम! गिऱ्हाईक आलं का उठा. साखरीचं पोतं खाली, डाळीचं पोतं खाली. उकिडवं बसा, भरा, मोजा, उठा. जेवाले आत जातो, परत दुकान. रात्री बंद."

"यात सँडल कधी घातली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वावगं विचारलं आहे. "दुकानात? दुकानात कशी घालीन, मॅडम? गादी हाय तिथं. काटा हाय. लक्ष्मीची जागा होये ते."

म्हणजे तसं पाहिलं तर काल त्यांनी सँडल घातलीच नव्हती. कारण काल ते बाहेर पडले नव्हते. 'कायम चप्पल घाला' हे आम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं, मनापासून पाळलंही. फक्त त्यांच्या घरात चप्पल ही उंबऱ्याबाहेरची वस्तू होती. आपल्या बहुतेकांच्या घरात असते तशीच. आणि ते दिवसभर अनवाणी फरशीवर, पोत्यासमोर उकिडवे, चवड्यावर बसत होते. चवड्यावर बसून उठताना अंगाचं सगळं वजन कुठे येतं, हे तुम्हीच आत्ता उठून बघा.

"मग प्लास्टर घातलं तेव्हा दुकानात कसे गेलात?"

"त्याले बाबूजी काई नाई म्हन्ले. ते अंगाले लागलेलं होतं ना. काढता येतच नाई. अन् प्लास्टर होतं तवा उकिडवं बसता येत नव्हतं, पोऱ्यानं भरलं सामान."

दोन वेळा जखम का भरली आणि दोन वेळा का उघडली, याचं उत्तर टेबलावर येऊन पडलं होतं. प्लास्टरचा गुण एवढाच की ते उंबऱ्यावर काढून ठेवता येत नाही.

"बाबूजी म्हणजे वडील?"

"हो. गादी त्याईचीच हाय. मी तर नौकर," सुरेशभाऊ म्हणाले. शोभाताईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

शस्त्रक्रिया करता आली असती. चांगली झालीही असती. दोरी लांबली असती, हाड वर गेलं असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी हा माणूस पुन्हा अनवाणी पोत्यासमोर बसला असता. दोरी लांबवली की भार मग टाचेवर येऊ शकतो, आणि टाचेची जखम चवड्याच्या जखमेपेक्षा हट्टी असते. मी गुरुवारच्या यादीतलं नाव खोडलं. त्याच दिवशी तिसऱ्यांदा प्लास्टर सुरू केलं. नागोसेंना म्हटलं, रविवारी हिंगणघाटला आपलं शिबिर आहे, परतताना अल्लीपूर करू. पायात घालायच्या वस्तूचे नमुने सोबत घ्या.

रविवारी दुपारी आम्ही दुकानासमोर उतरलो. मी आणि नागोसे दोघांनीही चपला बाहेर काढल्या. बाबूजी गादीवर मांडी घालून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, स्वच्छ धोतर, डोळ्यांवर जाड चष्मा. पाठीमागे लक्ष्मीची तसबीर, बाजूला काटा, काट्याला दिवाळीचं हळदीकुंकू अजून तसंच.

"या डॉक्टरीनबाई. पोरानं सांगतलं, तुमी मले समजवाले येऊन राह्यल्या."

"समजवायला नाही बाबूजी. विचारायला."

"विचारा."

"दुकानात चप्पल का चालत नाही?"

"बाहीरची घान येते. शेन, थुंका, मेलेलं जनावर. रस्त्यावर काय नसते? ते पायाखाली घेऊन लक्ष्मीपाशी बसाचं?"

"बरोबर आहे. प्लास्टर कसं चाललं?"

"ते त्याच्या अंगाचं होतं."

"आणि एखादी वस्तू जी रस्त्यावर कधी गेलीच नाही? दुकानातच राहील, दुकानाबाहेर पाऊल टाकणार नाही?"

मी नागोसेंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून फोमचा आणि रबराचा तुकडा काढून गादीसमोर ठेवला. बाबूजींनी फोम बोटांनी दाबला, सोडला, परत दाबला.

"यात चामडं किती?"

"अजिबात नाई बाबूजी. फोम, रबर अन् कापडी पट्टा."

"अन् हे आतच राहीन?"

"आतच," मी म्हटलं. "बाहेर जायला त्यांची दुसरी जोडी आहे. उंबऱ्यावर बदलायचं. शिवाय एक उंच स्टूल लागेल. पोती फळीवर ठेवायची. उकिडवं बसणं बंद."

बाबूजींनी मुलाकडे पाहिलं. सुरेशभाऊ प्लास्टरचा पाय पुढे करून, शाळेत उभं केल्यासारखे उभे होते.

"पाय कापा लागते म्हन्ते सून. खरं होये का?"

"असंच चाललं तर अंगठा नक्की जाईल. मग पाय. मी खोटं सांगत नाही."

त्यांनी काट्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "काटा पन तर लोखंडच होये. दुकानात आला, पूजा केली, दुकानाचा झाला. हे पन तसंच. चप्पल म्हनाचं नाई याले. दुकानाचं सामान म्हनाचं."

"मंग स्टॉकमंदी चढवू का, बाबूजी?" सुरेशभाऊ म्हणाले.

"चढव. तुह्या पायापेक्षा जास्त काम करनारं सामान हाय हे."

शोभाताई आतल्या दारात उभ्या होत्या. त्या पटकन आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. नागोसे म्हणाले, "ताई, अजून बनवली नाई, हा नुसता तुकडा हाय." शोभाताईंनी तुकड्यालाच कुंकवाचं बोट लावलं.

निघताना बाबूजी मांडी बदलायला सरकले आणि त्यांचा तळवा माझ्या बाजूला वळला. टाचेजवळ काहीतरी चमकलं. मी वाकून पाहिलं. स्टेपलरची पिन होती. बिलाच्या कागदांना लावतात ती. पूर्ण आत रुतलेली.

"बाबूजी, हे काय?"

त्यांनी पाय उचलून पाहिला, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसा. मग नखाने पिन उपटली आणि काट्याशेजारी ठेवली.

"कई लागली कोनास ठाऊक. मले काई दुखत नाई."

सुरेशभाऊंचा चेहरा उतरला. त्यांना हे वाक्य आता ओळखीचं झालं होतं.

"शुगर तपासली होती कधी?"

"मले नाई शुगर. मी गोड खातच नाई."

"मंगळवारी ओपीडीला या."

"येतो."

त्यापुढचा हिशेब थोडक्यात. प्लास्टर संक्रांतीच्या आत निघालं. दुकानातली जोडी तयार होती. नागोसेंनी ती पांढरी केली, गादीच्या चादरीसारखी. सुरेशभाऊ दुकानात ती घालतात, उंबऱ्यावर बदलतात, स्टुलावर बसून माल मोजतात. जखम अजून तरी उघडलेली नाही. शस्त्रक्रिया गरजेची नाही असं मी म्हणत नाही. घोटा ताठ आहेच, पुढेमागे लागूही शकते. पण आता ती कशासाठी करतो आहोत हे मला माहीत असेल. ओपीडीत सिस्टरनी प्रश्न बदलला आहे. 'चप्पल घालता का?' असं आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर प्रत्येक जण 'हो' देतो, आणि प्रत्येकाचं खरं असतं. 'चप्पल कुठे काढता?' असं विचारतो. मग माणसं सांगतात: देवळात, विहारात, स्वयंपाकघरात, ओट्यावर, गोठ्याशी.

बाबूजी त्या मंगळवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. मी दोनदा फोन केला. एकदा सोयऱ्यांकडे लग्न होतं, एकदा चण्याचा माल यायचा होता. सुरेशभाऊ म्हणतात, "मी सांगतो मॅडम, पन ते म्हन्तात आजार तुह्या पायाले हाय."

आता एप्रिल संपत आला आहे. दुपारी दुकान आणि घर यांच्या मधल्या अंगणातली फरशी इतकी तापते की कुत्रं पाय टेकत नाही. बाबूजी जेवायला त्यावरून अनवाणी जातात. शोभाताईंनी तिथे ओलं पोतं टाकून ठेवलं आहे.

मंगळवारच्या यादीत सर्वात खाली एक ओळ आहे. दर आठवड्याला मी ती नव्या पानावर उतरवते. बाबूजी, अल्लीपूर. दोन्ही पाय बघायचे राहिले.